टर्बाइनच्या ओव्हरहॉलिंगमध्ये निघणारं भंगार कमी करायला कोणती मशिनरी घ्यावी?

ऑफ सीझनला टर्बाइन उघडलं की ब्लेड, सील, बेअरिंग मिळून भरपूर भंगार निघतं, ते कमी करायला काय नवीन बसवावं, असं तुम्ही विचारलंय. मी कोल्हापूर भागातल्या एका साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पात टर्बाइनवर असतो, त्यामुळं त्याच अंगानं सांगतो.

टर्बाइनला हात लावण्याआधी डीएम प्लांट, म्हणजे बॉयलरच्या पाण्यातले क्षार आणि सिलिका काढणारा प्लांट, बघा. ६७ किंवा ८७ बारच्या बॉयलरमध्ये सिलिका वाफेत विरघळूनच टर्बाइनपर्यंत येते आणि दाब उतरेल तशी पुढच्या टप्प्यांतल्या ब्लेडवर बसते. पांढरट, काचेसारखा थर. नखानं निघत नाही. मग ब्लास्टिंग, म्हणजे बारीक कणांचा मारा करून थर काढणं आलं, आणि दर हंगामाला ब्लास्टिंग म्हटल्यावर ब्लेडची कड झिजत जाणारच. वाफेतली सिलिका ०.०२ पीपीएमच्या आत हवी. लॅबला बाटली पाठवून वाट बघण्यापेक्षा लाइनवरच सिलिका अ‍ॅनालायझर बसवा. डीएम प्लांटच्या शेवटच्या टाकीतलं, म्हणजे मिक्स्ड बेडचं, क्षार धरणारं रेझिन संपत आलं की लगेच कळतं. माझ्या मते पहिला पैसा इथं.

सीलचं दुखणं आपल्याकडं 'नो केन'मुळं, म्हणजे ऊस नाही म्हणून गाळप थांबल्यानं, वाढतं. पावसानं तोडणी थांबली, गव्हाण (ऊस टाकायची जागा) रिकामी, टर्बाइन बंद. गरम रोटर जागेवर थांबला की खालची बाजू आधी गार होते आणि तो वाकतो. तसाच पळवला की लॅबिरिंथ सीलच्या, म्हणजे वाफ अडवणाऱ्या, पातळ पट्ट्या घासून जातात. म्हणून बंद टर्बाइनचा रोटर हळूहळू फिरवत ठेवणारा बॅरिंग गिअर आपोआप लागणारा हवा आणि त्याला बॅकअप वीज हवीच. मिल हाऊसला जुनी छोटी टर्बाइनं असतील तर त्यांना ब्लेड भरत बसू नका, मोटर आणि व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) लावून मोकळे व्हा.

बेअरिंगचा शत्रू म्हणजे ग्लँडमधून, म्हणजे शाफ्ट बाहेर येतो तिथल्या सीलमधून, तेलात शिरणारी वाफ. तेलातलं पाणी वेगळं काढायला सेंट्रिफ्यूज लावा. आणि बेअरिंगच्या आतला मऊ धातूचा थर, म्हणजे व्हाइट मेटल, सरसकट वितळवू नका. जुनी तपासणी सगळ्यांना माहीत आहे: बेअरिंग रॉकेलमध्ये बुडवायचं, कोरडं पुसायचं, सांध्यावर खडू फासायचा, खडू ओला झाला की व्हाइट मेटलची पकड सुटली. पण हे फक्त कडेचं सांगतं. आतलं अल्ट्रासॉनिकनं दिसतं, आणि बरीच बेअरिंगं पुन्हा वापरण्याजोगी निघतात.

तरीही जे निघेल ते मिसळू देऊ नका. ब्लेडच्या स्टीलमध्ये साधारण १२-१३ टक्के क्रोमियम असतं. ते साध्या भंगारातून शिरोलीच्या एखाद्या फौंड्रीत ग्रे आयर्नच्या भट्टीत गेलं, तर कास्टिंग इतकं कडक होतं की टूल चालत नाही, माल रिजेक्ट. (फौंड्रीवाला मग कुणाच्या नावानं शंख करतो ते सांगायला नको.) व्हाइट मेटलमध्ये तर बहुतांश कथील, त्याचा भाव लोखंडाच्या कितीतरी पट. लेथच्या ट्रेमध्ये त्याचा चुरा लोखंडाच्या चुऱ्यात पडू न देणं, याला कसलीच मशिनरी लागत नाही. स्टोअरला सांगून टेंडरमध्ये ब्लेड आणि व्हाइट मेटलचे लॉट वेगळे लावा. 'मिश्र भंगार' लिहिलं की लोखंडाचाच दर येतो.