ॲफिलिएट अहवालातील क्लिक नेमके कसे मोजले जातात? माझे आणि नेटवर्कचे आकडे जुळत का नाहीत?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: एकाच महिन्यासाठी आपल्या साइटवरचे दुवे सांभाळणारे प्लगइन ४१२ क्लिक दाखवते, ॲफिलिएट नेटवर्कच्या, म्हणजे विक्रेता आणि त्याचे दुवे देणारा प्रकाशक यांच्यामध्ये राहून कमिशनचा हिशेब ठेवणाऱ्या कंपनीच्या, अहवालात २८७ दिसतात आणि गूगल ॲनालिटिक्समध्ये तर जेमतेम ४०, मग यांतला खरा आकडा कोणता, आणि नेटवर्क क्लिक दडवत आहे का? असे अहवाल पडताळून पाहणे हे माझे रोजचेच काम असल्यामुळे आधी उत्तर सांगतो आणि मग कारणांकडे वळतो. हे तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण ते वाटेतल्या तीन वेगवेगळ्या ठिकाणी आणि वेगवेगळ्या चाळण्या लावून मोजलेले आहेत.

वाचकाने दुवा दाबला, हे नेटवर्कला दिसत नाही. त्याला दिसते ती स्वतःच्या सर्व्हरपर्यंत पोहोचलेली विनंती. दुवा दाबल्यावर ब्राउझर विक्रेत्याकडे थेट न जाता आधी नेटवर्कच्या ट्रॅकिंग सर्व्हरकडे जातो. तो सर्व्हर वेळ, आयपी पत्ता, ब्राउझरची ओळख सांगणारा यूजर एजंट, मिळाल्यास आधीच्या पानाचा पत्ता, आपला प्रकाशक क्रमांक आणि आपण दिला असल्यास सबआयडी (दुवा कोणत्या जागेचा हे ओळखण्यासाठी आपण त्याला जोडलेली खूण) एवढे टिपून घेतो, त्या नोंदीला स्वतंत्र क्लिक आयडी देतो आणि वाचकाला विक्रेत्याच्या पानावर धाडतो. हे धाडणे बहुधा ३०२ प्रकारच्या, म्हणजे तात्पुरत्या रीडायरेक्टने होते. तेथे ३०१ हा कायमस्वरूपी प्रकार वापरला, तर ब्राउझर तो लक्षात ठेवू शकतो आणि दुसऱ्या वेळी मधला टप्पा गाळून सरळ पुढे जातो, त्यामुळे त्या क्लिकची नोंदच होत नाही. आपल्या प्लगइनमध्ये कोणता प्रकार निवडला आहे, हे म्हणूनच एकदा पाहून घ्यावे. ॲमेझॉनच्या नेहमीच्या दुव्यांत असा त्रयस्थ सर्व्हर नसतो. आपला ट्रॅकिंग आयडी दुव्यातच असतो आणि मोजणी त्यांच्याच साइटवर होते.

पुढचा भाग चाळणीचा, आणि आकड्यांतील बहुतेक तफावत येथेच जन्माला येते. सर्व्हरकडे आलेली प्रत्येक विनंती माणसाची नसते. शोधयंत्रांचे बॉट दुव्यांच्या मागे जातात. व्हॉट्सॲप किंवा फेसबुकवर दुवा टाकला की त्याची झलक दाखवण्यासाठी पान आपोआप उघडले जाते. ईमेलमधील दुवे तर अनेकदा वाचकाच्या आधी सुरक्षा प्रणालीच उघडून तपासते. सभ्य बॉट यूजर एजंटमध्ये आपले नाव सांगतात आणि त्यांना वगळण्यासाठी आयएबी या जाहिरात क्षेत्रातील संस्थेची यादी वापरली जाते. क्लिक मोजणीविषयीची मार्गदर्शक तत्त्वेही याच संस्थेने २००९ मध्ये प्रसिद्ध केली. माणसाचे सोंग घेणारे बॉट मात्र वर्तनावरूनच ओळखावे लागतात. नेटवर्कची चाळणी सहसा बारीक असते, कारण त्याला विक्रेत्याला हिशेब द्यायचा असतो. प्लगइनवर तशी सक्ती नसते.

त्यानंतर येतो एकूण क्लिक आणि युनिक क्लिक यांतील फरक. समजा, नोंदवहीत एकाच आयपीवरून आणि एकाच यूजर एजंटकडून रात्री ९:१४:०२, ९:१४:०३ आणि ९:४० अशा तीन नोंदी आहेत. पहिल्या दोन म्हणजे पान उघडायला उशीर झाला म्हणून घाईने दोनदा दाबलेले बटण, आणि तिसरी म्हणजे विचार करून परत आलेला तोच वाचक असण्याची शक्यता मोठी. एकूण मोजणारा अहवाल येथे ३ म्हणेल, २४ तासांची मुदत धरून युनिक मोजणारा १ म्हणेल, आणि केवळ काही सेकंदांतील पुनरावृत्ती गाळणारा २ म्हणेल. याच्या उलट, मोबाइल नेटवर्कवर अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक आयपीमागे असतात, त्यामुळे सारख्याच फोनवरचे दोन वेगळे वाचकही कधी कधी एक धरले जातात.

गूगल ॲनालिटिक्सचे कोडे यापेक्षा सोपे आहे. ते बाहेर जाणारा क्लिक तेव्हाच नोंदवते जेव्हा दुवा दुसऱ्या डोमेनकडे नेतो. आपल्या प्लगइनचे आखूड दुवे आपल्याच डोमेनवर असल्यामुळे ते त्याच्या लेखी बाहेरचे ठरत नाहीत. ते ४० क्लिक बहुधा आपण थेट टाकलेल्या दुव्यांचे असावेत. शिवाय ज्यांनी कुकीला (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या ओळखखुणेला) संमती नाकारली किंवा स्क्रिप्ट अडवली, ते वाचकही त्यात पूर्णपणे उतरत नाहीत.

माझ्या मते चिंता करायची ती तफावतीच्या आकाराची नव्हे, तर जातीची. बॉट गाळले गेल्याने आपले एका पैशाचेही नुकसान होत नाही. परंतु वाचकाच्या ॲडब्लॉकरने, म्हणजे जाहिराती अडवणाऱ्या साधनाने, नेटवर्कचे ट्रॅकिंग डोमेनच अडवले, तर प्लगइनमध्ये क्लिक दिसतो, नेटवर्ककडे पोहोचत नाही आणि त्या दुव्यावरून होऊ शकणारी विक्रीही हातची जाते. तिसरा प्रकार क्लिक मोजला जाऊनही विक्रीशी न जुळण्याचा: सफारीने २०१९ पासून स्क्रिप्टने ठेवलेल्या कुकींचे आयुष्य ७ दिवसांवर आणले, त्यामुळे केवळ अशा कुकीवर विसंबलेल्या कार्यक्रमात आठवड्यानंतरची खरेदी सुटू शकते आणि क्लिक उगाच निष्फळ वाटतात.

प्रति क्लिक कमाईची तुलना करतानाही भाजक तपासावा. कमाई तीच असली, तरी तिला ४१२ ने भागले की दुवा सुमार वाटतो आणि २८७ ने भागले की बरा. त्यातून सीजेसारखे ॲफिलिएट नेटवर्क ईपीसी, म्हणजे क्लिकमागची कमाई, हा आकडा दर १०० क्लिकमागे देते, त्यामुळे तो दुसरीकडच्या दर क्लिकच्या आकड्याशेजारी तसाच ठेवला, तर शंभरपटीचा घोळ होतो.

आता करायचे ते असे. प्रत्येक जागेच्या दुव्याला वेगळा सबआयडी द्यावा, दोन्ही अहवालांचा टाइमझोन एकच आहे का ते पाहावे आणि नंतर तफावतीचे प्रमाण आठवडावार लिहून ठेवावे. ते स्थिर असेल, तर सोडून द्यावे. अचानक वाढले, तर तुटलेला दुवा, बंद पडलेली ऑफर किंवा अडवले गेलेले डोमेन या क्रमाने शोध घ्यावा. नेटवर्कच्या सपोर्टला "क्लिक कमी दिसतात" एवढेच लिहिले, तर ठरावीक साच्यातले उत्तर येते. त्याऐवजी आपल्या लॉगमधील चार-पाच नोंदी यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेसह आणि सबआयडीसह पाठवाव्यात, म्हणजे त्या त्यांच्याकडे पोहोचल्या होत्या का आणि पोहोचून गाळल्या असतील तर कोणत्या नियमाने, हे त्यांना शोधून सांगता येते.