वीकेंडसाठी सेकंड हँड चार सीटर स्पोर्ट्स कन्व्हर्टिबल घ्यायची तर कोणती बघावी?

तुम्ही लिहिलंय की बीएमडब्ल्यू ३३५आय (ई९३, हा त्या पिढीचा कंपनीचा कोड), ऑडी एस५ कॅब्रिओले (म्हणजे कन्व्हर्टिबलच) आणि मस्टँग या तिघींत अडकलाय, गाडी फक्त शनिवार-रविवारी निघणार आणि मागे दोन मुलं बसणार, एक ८ वर्षांचं, एक ११ चं. इंजिन कुणाचं भारी हे नंतर बघू हो, आधी छत बघा. इंजिनचं काम करणारा मेकॅनिक कुठेही मिळतो, छताचं काम खरंच कळणारा शोधत फिरावं लागतं आणि तो जो आकडा सांगेल तो मुकाट्याने ऐकून घ्यावा लागतो.

मी कापडी छतवाल्यांच्या बाजूचा, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर भांडण नको. ई९३ चं छत तीन तुकड्यांचं, पत्र्याचं. बंद केलं की आतून कूपेसारखी (तीच गाडी, पण कायमच्या बंद छताची) शांत आणि दिसायलाही झकास, मान्य. पण त्या सगळ्या यंत्रणेपायी गाडी कूपेपेक्षा सुमारे २०० किलोने जड झालीय आणि वळणावर ते वजन जाणवतं. शिवाय उघडलेलं छत जाऊन बसतं डिकीत, म्हणजे ३५० लिटरची डिकी २१० वर येते आणि त्या पत्र्यांखालून बॅग ओढून काढणं हा एक वेगळाच कार्यक्रम. चौघं जण, छत उघडं, मग सामान ठेवणार कुठे? ऑडीचं कापडी छत खूप कमी जागा खातं, ३८० चे ३२० लिटर होतात, बास. ते १५ सेकंदांत उघडतं आणि ताशी ५० किमीपर्यंत चालत्या गाडीतही उघडतं, ई९३ ला मात्र थांबून वीस-बावीस सेकंद द्यावे लागतात. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, रस्त्यात अचानक पाऊस सुरू झाला की वाटत नाही. आणि बीएमडब्ल्यूनेच २०२० मध्ये नवीन ४ सिरीज कन्व्हर्टिबल आणली तेव्हा परत कापडी छत दिलं, यातच काय ते समजा.

मस्टँग दोघांसाठी असती तर मी फार आढेवेढे घेतले नसते, २०१५ पासून मागचं सस्पेन्शनही इंडिपेंडंट (दोन्ही चाकं आपापली वेगळी हलणारं) झालंय आणि ५.० लिटर व्ही८ चा आवाज छत उघडून ऐकावा असाच आहे. पण तुमची मुलं मागे बसणार. २०१७ मध्ये युरोपात गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅपने मस्टँगला सुरुवातीला दोनच स्टार दिले होते, मागच्या बेल्टला प्रीटेन्शनर (धडकेत बेल्ट घट्ट ओढून धरणारे) नव्हते हा त्यातला एक मुद्दा, नंतर सुधारलेल्या गाडीला तीन मिळाले. चाचणी बंद छताच्या गाडीची होती हे खरं, तरी मी माझी मुलं डोळ्यांसमोर ठेवून तुम्हाला ती घ्या म्हणणार नाही.

मागच्या सीटबद्दल अजून एक, जे जाहिरातीत कुणी लिहीत नाही. वारा अडवायची ती जाळी असते ना, विंड डिफ्लेक्टर, ती बहुतेक गाड्यांत मागच्या सीटवरच बसवायची असते. म्हणजे जाळी लावली की गाडी दोघांची, मुलं बसवली की जाळी डिकीत, आणि मागे हायवेच्या वेगाला वारा असा झोडपतो की पोरं दहा मिनिटांत "बंद करा" म्हणतात. तर मुलांना टेस्ट ड्राइव्हला घेऊन जा, आणि तेही छत उघडून. (पोर्शे ९११ कॅब्रिओले कुणी सुचवली तर ऐकून सोडून द्या, तिच्या मागच्या सीट म्हणजे दप्तर ठेवायची जागा.)

आता इंजिन. ३३५आय घ्यायचीच असेल तर २०१० च्या आसपास इंजिन बदललं हे लक्षात ठेवा, आधीचं एन५४ दोन टर्बोवालं, नंतरचं एन५५ एका टर्बोचं. एन५४ चा हाय प्रेशर फ्युएल पंप इतका गाजला की २०१० मध्ये अमेरिकेत रिकॉल काढावा लागला, म्हणून पंप बदलल्याचं बिल मागा. इलेक्ट्रिक वॉटर पंप दोन्हींत कधी ना कधी जातोच. एस५ कूपेला आधी ४.२ व्ही८ होतं पण कॅब्रिओलेला सुरुवातीपासून ३.० सुपरचार्ज्ड व्ही६, ३३३ एचपी, आणि ते चांगलं इंजिन आहे. फक्त तिच्या ७ स्पीड एस ट्रॉनिक ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर साधारण ६०,००० किमीला बदललंय का ते तपासा, नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा. पैसे वाचवायला साधी ए५ (एस५ चीच कमी ताकदीची बहीण) २.० टीएफएसआय, म्हणजे २ लिटर टर्बो पेट्रोल, बघाल, तर २००९ ते २०११ च्या गाड्या तेल पितात ही तक्रार खरी आहे.

गाडी बघायला गेलात की इंजिन चालू ठेवून छत तीनदा तरी उघड-बंद करा, एकदा गार गाडीवर, मग फिरवून आणल्यावर. मध्येच अडखळलं, एक बाजू मागे राहिली, किंवा विक्रेता म्हणाला की "सेन्सरचं आहे, किरकोळ", तर किरकोळ असतं तर त्याने करून घेतलं असतं ना! हायड्रॉलिक तेलाचे डाग डिकीच्या अस्तरावर शोधा. पुढच्या सीटमागचं कार्पेट हाताने दाबून बघा, डिकीचा तळ उचला, कुबट वास येतोय का बघा, कारण सुकलेलं सील किंवा कचऱ्याने तुंबलेलं ड्रेन होल एवढ्यावरून पाणी आत शिरतं आणि बऱ्याच गाड्यांत कंट्रोल मॉड्यूल नेमके कार्पेटखाली किंवा डिकीत असतात, मग रोज नवीन वॉर्निंग लाइट. कापडी छत असेल तर मागची काच कापडापासून कडेने सुटतेय का तेही बघा, ते चिकटवून नीट टिकत नाही. खराब रस्त्यावरून छत उघडून चालवा आणि आतल्या आरशाकडे लक्ष द्या, थोडा थरथरणारच, पण डॅशबोर्ड आणि दारं करकरायला लागली तर पुढची गाडी बघा.

माझं मत विचाराल तर एस५, शक्यतो २०१२ नंतरची, सर्व्हिसची बिलं पूर्ण असलेली. वेगाचा फार हट्ट नसेल तर जुनी बीएमडब्ल्यू ३३० सीआय (ई४६) पण बघा, कापडी छत, हलकी, चालवायला तिन्हींपेक्षा मजेशीर. कूलिंग सिस्टीम सगळी नवीन टाकायची तयारी ठेवा आणि मागच्या सबफ्रेमच्या (मागचं सस्पेन्शन धरणारी लोखंडी चौकट) माउंटिंगपाशी तडे आहेत का ते गाडी वर उचलून बघा.

कमी किलोमीटर बघून भुलू नका, उभ्या गाडीची सीलं आणि बॅटरी दोन्ही आधी मरतात. टायरवर खाचा भरपूर दिसतील कारण गाडी फिरलेलीच नसते, पण बाजूला चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. तो सात-आठ वर्षांपूर्वीचा निघाला तर चारही टायरचे पैसे भावातून कापून घ्या.