पट कमी म्हणून महापालिकेची शाळा दुसऱ्या शाळेत मिसळणार म्हणतात. पालकांनी कुणाकडे जायचं?

तुमची मुलगी सोलापुरात पूर्व भागातल्या महापालिकेच्या तेलुगू माध्यमाच्या शाळेत दुसरीला आहे, शाळा मिसळण्याची कुजबुज कानावर आली आहे, आणि शिक्षण मंडळाच्या कोणत्या सभासदाला भेटायचं असं तुम्ही विचारलंय.

सभासद शोधत बसू नका. निवडून दिलेल्या सभासदांचं शिक्षण मंडळ २०१३ च्या कायदादुरुस्तीनंतर राज्यभर मोडीत निघालं. कचेरीला लोक अजून ‘शिक्षण मंडळ’च म्हणतात, पण तिथे सही चालते प्रशासनाधिकाऱ्यांची. त्यांच्या वर आयुक्त, आणि पैशाचा विषय आला की महापालिकेची सभा. नगरसेवकाला जरूर भेटा, पण हातात कागद घेऊन. तोंडी सांगितलेलं फायलीला लागत नाही.

तो कागद तयार करण्याचा अधिकार कायद्याने तुम्हालाच दिला आहे. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २१: शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात पाऊण सभासद पालक, निम्म्या जागा महिलांना, अध्यक्ष पालकांतलाच, मुख्याध्यापक सचिव. आपल्या राज्यात सभासद १२ ते १६ आणि मुदत दोन वर्षांची.

आता खरी अडचण. पुष्कळ ठिकाणी ही समिती फक्त वहीत असते. मुख्याध्यापकांकडे सभासदांची यादी आणि इतिवृत्ताची वही मागा. ज्यांचं मूल केव्हाच शाळा सोडून गेलं असे पालक अजून यादीत आहेत का? निवड पालकसभेत झाली की नावं नुसती भरून घेतली? बैठक दरमहा व्हायला हवी. सहा महिन्यांच्या सह्या एकाच पेनाने, एकाच बैठकीत केल्यासारख्या दिसल्या तर काय ते समजा. मुख्याध्यापकांशी भांडू नका, बहुतेकदा त्यांच्याकडेच दोन वर्ग आणि कचेरीचं सगळं काम असतं. पालकसभा घेऊन समिती नव्याने निवडावी, असा दहावीस पालकांच्या सह्यांचा अर्ज द्या. सभेची वेळ मात्र नीट ठरवा. तुमच्याकडे अनेक आया विड्या वळतात; कारखान्यात विड्या द्यायच्या वेळेला सभा ठेवली तर दोन-चारच बायका येतील आणि पुन्हा तीच जुनी नावं बसतील. सभेत तेलुगूतही बोला.

दुसरी गोष्ट पटाची, आणि इथेच शाळा हातची जाते. शिक्षकांची संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरवणं, ३० सप्टेंबरच्या पटावर होते, आणि मोजली जातात ती आधार कार्डाशी नोंद जुळलेली मुलं. समजा वर्गात ६३ मुलं बसतात, पण जुळलेली ५८. कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ पासून तिसरा, म्हणजे पाच मुलांच्या नोंदींपायी तिसऱ्या शिक्षकाचा दावाच कमजोर होतो. (राज्याचे शासन निर्णय अधूनमधून निकष बदलतात, पण तळाशी हा कायदा आहे आणि अर्जात त्याचाच आधार घ्यावा.) शिक्षक कमी झाला की पालक मूल काढतात, पट आणखी खाली येतो. शाळा बंद करायला यापेक्षा वेगळं काही करावं लागत नाही.

नोंद का जुळत नाही? नाव, जन्मतारीख आणि लिंग या तिन्ही गोष्टी आधारवर आणि यू-डायसमध्ये (शाळांच्या माहितीची सरकारी ऑनलाइन नोंद) सारख्या लागतात. तेलुगू घरांत आडनाव कुठे आधी, कुठे शेवटी लिहिलेलं, एका कार्डावर ‘लक्ष्मी’ची स्पेलिंग एक, शाळेच्या जनरल रजिस्टरात दुसरी, जन्मतारखेच्या जागी नुसतं साल. जुलैतच मुख्याध्यापकांकडून न जुळलेल्या मुलांची यादी घ्या आणि समितीतल्या दोघांनी त्या घरी जाऊन जन्मदाखला व कार्ड समोरासमोर ठेवून तपासा. कार्ड चुकलं असेल तर आधार केंद्रात, शाळेची नोंद चुकली असेल तर शाळेत दुरुस्ती. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हे होत नाही.

तिसरं, शाळा विकास आराखडा, कलम २२. तीन वर्षांचा असतो. वर्गवार अंदाजे पट, पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवीसाठी लागणारे शिक्षक वेगवेगळे, खोल्या आणि स्वच्छतागृहं, वर्षवार खर्च. अध्यक्ष आणि सचिवांच्या सह्या घेऊन डिसेंबरअखेर कचेरीत पोचवा, कारण त्यानंतर महापालिकेचं अंदाजपत्रक आकाराला येतं. मार्चमध्ये दिलेला आराखडा पुढच्या वर्षाच्या ढिगात जातो. ज्या शाळेने रीतसर आराखडा देऊन शिक्षक मागितले आहेत, ती बंद करताना अधिकाऱ्याला त्या मागणीला उत्तर द्यावं लागतं.

विलीनीकरणाविरुद्ध ठराव लिहिताना ‘शाळा बंद करू नये ही नम्र विनंती’ एवढ्यावर थांबू नका. असं लिहा: ‘ठराव क्र. ४. या शाळेत आज रोजी अमुक मुले शिकत आहेत. प्रस्तावित शाळा अमुक मीटरवर असून वाटेत अमुक रस्ता ओलांडावा लागतो. तेथे तेलुगू माध्यमाचा वर्ग नाही. सबब विलीनीकरणास समितीचा विरोध आहे. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर.’ राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत हवी. अंतर चालून मोजा, नकाशावरची सरळ रेघ मुलाच्या पायांना लागू नाही. माध्यम हा तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे. शक्य तोवर मातृभाषेतून शिकवावं असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ सांगतं, आणि संविधानाच्या ३५०-क मध्ये भाषिक अल्पसंख्याक मुलांच्या प्राथमिक शिक्षणाचा स्वतंत्र उल्लेख आहे. दुसरीतलं तेलुगू वाचणारं मूल मराठी वर्गात बसवणं याला मी विलीनीकरण म्हणणार नाही.

ठरावाची प्रत आणि अर्ज कचेरीत द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. अर्जात याच कायद्याच्या कलम ३२ चा उल्लेख करा: स्थानिक प्राधिकरणाने दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील होतं.

त्याच दिवशी माहिती अधिकाराचा एक अर्जही द्या. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, मजकूर १५० शब्दांत, विषय एकच: आमच्या शाळेच्या विलीनीकरणाचा प्रस्ताव, त्यावरील टिपण्या आणि पत्रव्यवहाराच्या प्रती. उत्तराला ३० दिवस लागू शकतात. प्रस्ताव नसेल तर तसं लेखी मिळेल, आणि ते उत्तर शाळेच्या फलकावर लावता येईल. कुजबुजीला घाबरून मुलं काढणाऱ्या पालकांना ते आधी दिसायला हवं.