स्वतःच्या लिनक्स सर्व्हरवर बिलिंगचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर बसवायचंय. कुठलं घेऊ आणि कशी सुरुवात करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एकट्याचा व्यवसाय, महिन्याला ३०-४० बिलं, आजवर सगळं स्प्रेडशीटमध्ये. आता १ जीबी रॅमचा उबुंटू व्हीपीएस (भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर) घेतलाय. त्यावर काय बसवायचं, डॉकरने (सॉफ्टवेअर कंटेनर नावाच्या तयार डब्यात चालवायची पद्धत) की थेट, आणि किती वेळ लागेल.

बसवायला एक संध्याकाळ पुरते. पण लॉगिनचं पान दिसलं की काम झालं, असं मीही पहिल्यांदा समजलो होतो. पुढच्या महिन्याच्या ११ तारखेला एका ग्राहकाचा फोन आला, "अहो, या महिन्याचं बिल नाही पाठवलंत?" ग्राहक स्वतःहून बिल मागतोय हे भाग्यच म्हणायचं, पण चौकशी केली तर त्या महिन्यात कुणालाच बिल गेलं नव्हतं. कारण पुढे येईलच.

आधी निवड. तुमच्या गरजेला तीन नावं पुरेत: इन्व्हॉइसप्लेन, इन्व्हॉइस निंजा आणि इन्व्हॉइसशेल्फ. तिन्ही पीएचपीवर चालतात. इन्व्हॉइसप्लेन सगळ्यात साधं आणि हलकं, लायसन्स एमआयटी. इन्व्हॉइसशेल्फ हे क्रेटर या जुन्या प्रकल्पातून फुटून निघालेलं, त्यामुळे जुन्या लेखांत क्रेटर बसवायला सांगितलं असेल तर तिकडे न जाता इन्व्हॉइसशेल्फ बघा. इन्व्हॉइस निंजात सोयी सर्वांत जास्त: दरमहा आपोआप निघणारी बिलं, आठवणीचे मेल, ऑनलाइन पेमेंट, ग्राहकासाठी वेगळं पोर्टल. मात्र त्याच्या पाचव्या आवृत्तीचं लायसन्स इलास्टिक आहे, म्हणजे सोर्स उघडा असला तरी काटेकोर अर्थाने ते ओपन सोर्स नाही. स्वतःच्या धंद्याची बिलं काढायला याने काही अडत नाही. पण प्रश्नात तुम्ही 'ओपन सोर्स' शब्दावर जोर दिलाय म्हणून सांगितलं. ईआरपीनेक्स्ट (अख्ख्या कंपनीचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) कुणी सुचवेल. उत्तम आहे, पण तुमच्या कामाला तो हत्ती पोसायची गरज नाही.

माझा सल्ला: १ जीबीवरच राहणार असाल तर इन्व्हॉइसप्लेन. निंजा हवं असेल तर २ जीबी घ्या, निदान २ जीबी स्वॅप (डिस्कवरची राखीव मेमरी) तरी लावा. कारण निंजा पीडीएफ बनवायला मागे चक्क क्रोमियम ब्राउझर उघडतं. कमी रॅमवर तेवढ्यात कर्नल (लिनक्सचा गाभा) मेमरी मोकळी करायला जास्त मेमरी खाणारी प्रोसेस मारतो, आणि बऱ्याचदा बळी जातो मारियाडीबी या डेटाबेसचा. तुम्हाला दिसतं एवढंच, की 'पीडीएफ डाउनलोड' दाबलं आणि साइटच बंद पडली. इन्व्हॉइसप्लेन हेच काम एमपीडीएफ या पीएचपी लायब्ररीवर भागवतं, त्याला ब्राउझर लागत नाही.

डॉकर की थेट? डॉकर आधी वापरलं असेल तर डॉकर. अपडेट सोपे जातात. फक्त एक खोच लक्षात ठेवा. डॉकरने पोर्ट (बाहेरून जोडणीचं दार) उघडला की तो यूएफडब्ल्यूच्या, म्हणजे उबुंटूच्या फायरवॉलच्या, नियमांना वळसा घालून थेट बाहेर दिसतो. तुम्ही फायरवॉलमध्ये बंद केलेला डेटाबेसचा पोर्ट जगाला उघडा असू शकतो. म्हणून डेटाबेसचा पोर्ट बाहेर काढूच नका, आणि वेब कंटेनरचा पोर्ट १२७.०.०.१ ला (म्हणजे फक्त त्याच सर्व्हरपुरता) बांधून पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर ठेवा. एनजिनएक्स पुढे असेल तर निंजाच्या सेटिंगमध्ये 'ट्रस्टेड प्रॉक्सीज' भरायला विसरू नका, नाहीतर ॲपला आपण एचटीटीपीएसमागे आहोत हे कळतच नाही आणि लॉगिननंतर पांढरं पान बघत बसावं लागतं.

थेट बसवणार असाल तर निंजासाठी एनजिनएक्सचा रूट (ज्या फोल्डरमधून साइट दाखवली जाते तो) प्रकल्पाच्या मुख्य फोल्डरकडे नव्हे, त्यातल्या 'पब्लिक' फोल्डरकडे वळवा. मुख्य फोल्डरमध्ये 'डॉट एन्व्ह' (.env) फाइल असते, तिच्यात डेटाबेसचा पासवर्ड, मेलचा पासवर्ड, सगळं साध्या अक्षरांत. बसवून झालं की स्वतःच ब्राउझरमध्ये डोमेनपुढे तिरकी रेघ देऊन त्या फाइलचं नाव टाकून बघा. ४०४ (सापडत नाही) किंवा ४०३ (मनाई) आलं पाहिजे. मजकूर दिसला तर रूट सुधारून भागत नाही, सगळे पासवर्डही बदला, कारण अशा फाइली शोधत फिरणारे बॉट नवीन डोमेन फार वेळ मोकळं सोडत नाहीत. इन्व्हॉइसप्लेनची रीत थोडी वेगळी: नमुना फाइलची नक्कल करून 'आयपीकॉन्फिग' नावाची फाइल बनवायची, तिच्यात साइटचा पत्ता शेवटच्या तिरक्या रेघेशिवाय लिहायचा, आणि सेटअप संपला की तिथेच 'डिसेबल सेटअप' चालू करायचं. हे शेवटचं बरेच जण विसरतात.

आता त्या ११ तारखेची गोष्ट. मी निंजा बसवलं होतं. ते लॅराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कवर बांधलेलं आहे. आवर्ती बिलं, आठवणीचे मेल ही कामं ते आपणहून करत नाही. दर मिनिटाला क्रॉनने (ठरल्या वेळी कमांड चालवणारी लिनक्सची सोय) त्याला ढोसावं लागतं, मग ते बघतं की आत्ता काही करायचंय का. क्रॉनची ती ओळ मी टाकली होती, पण स्वतःच्या युजरच्या नावाने. फाइली होत्या वेब सर्व्हरच्या युजरच्या, म्हणजे 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा'च्या. त्यामुळे प्रत्येक मिनिटाला कमांड सुरू व्हायची, लॉग लिहायला जायची, परवानगी नाही म्हणून पडायची. क्रॉन बिचारा तक्रार इमानेइतबारे सर्व्हरवरच्याच एका टपालपेटीत टाकत होता. ती पेटी मी कधी उघडलीच नव्हती. उघडली तेव्हा एकाच मजकुराचे हजारो मेल. तेव्हा क्रॉनची ओळ 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा'च्याच क्रॉनटॅबमध्ये (त्या युजरच्या क्रॉनच्या यादीत) टाका. घाईत रूट युजरच्या (सर्व्हरच्या मुख्य ॲडमिनच्या) क्रॉनटॅबमध्ये टाकलीत तर उलटा घोळ होतो: लॉग फाइल रूटच्या मालकीची होते आणि मग वेबसाइट ५०० एरर देऊ लागते. डॉकरमध्येही ही कामं वेळेवर सुरू करणारा शेड्युलर खरंच चालतोय ना, हे तपासाच. आजच्या तारखेचं एक आवर्ती बिल स्वतःच्याच मेलवर लावून ठेवा. ते हात न लावता आलं तरच पुढे चला. इन्व्हॉइसप्लेनमध्ये आवर्ती बिलांसाठी गुप्त कीसह एक पत्ता मिळतो, तो क्रॉनमधून दिवसातून एकदा उघडायचा, बस.

मेल सर्व्हरवरून थेट पाठवायच्या फंदात पडू नका. बऱ्याच क्लाउड कंपन्या २५ नंबरचा पोर्ट बाहेर जायला बंदच ठेवतात, आणि चालू असला तरी नवीन आयपीवरून आलेलं बिल स्पॅममध्ये जातं. एखादी एसएमटीपी सेवा (तुमचे मेल पाठवून देणारी) घ्या, ५८७ पोर्ट वापरा, आणि डोमेनच्या डीएनएसमध्ये एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (मेल खरंच तुमच्या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या) तिन्ही नोंदी करा. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू याबाबत बरेच कडक झालेत. चाचणी मेल स्वतःच्याच डोमेनवर पाठवून समाधान मानू नका. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या मेलखात्यांवर पाठवून बघा.

बिलात देवनागरी नाव किंवा पत्ता येणार असेल तर पहिल्याच दिवशी तेही बघून घ्या. 'श्रीकृष्ण', 'विद्युत', 'दुर्गा' असे शब्द घालून पीडीएफ काढा. उघड्याबोडक्या सर्व्हरवर फॉन्टच नसतात, त्यामुळे क्रोमियम अक्षरांऐवजी चौकोन छापतं. नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट बसवला की जोडाक्षरं नीट येतात. डॉमपीडीएफ या दुसऱ्या पीडीएफ लायब्ररीवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र फॉन्ट असूनही रफार भलतीकडे जातो आणि वेलांटी तुटते, कारण अक्षरांची जोडणी त्याला जमत नाही.

बिलाचा अनुक्रमांक १ पासून सुरू करू नका. स्प्रेडशीटमधलं शेवटचं बिल २१७ असेल तर काउंटर २१८ वर ठेवून मगच खऱ्या ग्राहकाचं बिल काढा. चाचणीची बिलंही खरे क्रमांक खातात, म्हणून चाचणी संपल्यावर काउंटर परत एकदा बघा. टाइमझोनही आत्ताच लावा. सर्व्हर बहुतेक यूटीसीवर (भारतापेक्षा साडेपाच तास मागे) असतो, आणि रात्री बारानंतर काढलेल्या बिलावर आदल्या दिवसाची तारीख पडते. महिन्याची शेवटची रात्र असेल तर हिशोबाला चांगलीच डोकेदुखी.

बॅकअपमध्ये तीन गोष्टी हव्यात: डेटाबेसचा डंप (सगळ्या माहितीची एका फाइलीतली प्रत), अपलोड केलेल्या फाइलींचं फोल्डर, आणि सेटिंगची फाइल. तिसरी लोक हमखास विसरतात. निंजाच्या 'डॉट एन्व्ह'मध्ये 'ॲप की' असते आणि पेमेंट गेटवेची माहिती त्या कीनेच एन्क्रिप्ट होते. की हरवली तर डेटाबेस शाबूत असूनही ती माहिती वाचता येत नाही, गेटवे पुन्हा जोडावा लागतो. डंप घेताना 'सिंगल ट्रान्झॅक्शन' पर्याय (चालू डेटाबेसचीही एकसंध प्रत मिळते) लावा, आणि प्रत दुसऱ्या ठिकाणी जाऊ द्या. त्याच सर्व्हरवर ठेवलेला बॅकअप सर्व्हरबरोबरच जातो. मग एका शनिवारी लॅपटॉपवरच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये तो बॅकअप उभा करा (त्याआधी तिथलं मेल पाठवणं बंद करा, नाहीतर ग्राहकांना तिथूनही बिलं जातील) आणि कुठलंही जुनं बिल उघडून पीडीएफ काढून बघा. निघालं तर स्प्रेडशीट बंद करायला हरकत नाही. तोवर दोन्हीकडे नोंद ठेवा.