'अकिलीज हील' म्हणजे नुसता कमकुवतपणा का? मराठीत काय म्हणावं?

नाही, नुसता कमकुवतपणा नाही. माणूस, संघ किंवा कंपनी एरवी भक्कम हवी आणि घात होईल अशी एखादीच जागा उघडी हवी, तरच हा शब्द शोभतो. पहिली अट बरेच जण विसरतात. अकराव्या क्रमांकावर येणाऱ्या गोलंदाजाला फलंदाजी जमत नाही, ही त्याची अकिलीज हील नव्हे. २०१४च्या इंग्लंड दौऱ्यात ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूला बॅट लावण्याची विराट कोहलीची सवय मात्र नक्की होती: १० डावांत १३४ धावा आणि इंग्लंडचा वेगवान गोलंदाज जेम्स अँडरसनकडून ४ वेळा बाद. २०१८मध्ये तिथेच त्याने ५९३ धावा काढल्या आणि अँडरसनला एकदाही विकेट दिली नाही. तेव्हा ही उणीव कायमचीच असते असंही नाही.

शब्दामागची गोष्ट ग्रीक आहे. अकिलीज हा ग्रीक योद्धा. तो बाळ असताना त्याची आई थेटिस हिने त्याला टाचेला धरून पाताळातल्या स्टिक्स नदीत बुडवलं. अंग अभेद्य झालं, हातातली टाच तेवढी कोरडी राहिली आणि पुढे ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस याचा बाण तिथेच लागला. होमरच्या 'इलियड' या महाकाव्यात मात्र हे काहीच नाही. तिथे तर अकिलीजच्या हाताला भाला चाटून जातो आणि रक्त येतं. नदीची गोष्ट पहिल्या शतकातल्या रोमन कवी स्टेशियसच्या काव्यात येते.

उच्चार 'अकिलीज', जोर 'कि'वर. 'अचिलीस' म्हणू नका. इंग्रजीत (Achilles' heel) लिहिताना शेवटच्या एसनंतर अपॉस्ट्रॉफी द्या किंवा देऊ नका, दोन्ही चालतं. तिच्यापुढे आणखी एक एस मात्र जोडू नका. डॉक्टर 'अकिलीज टेंडन' म्हणतात तो पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा कंडरा, त्याचा या अर्थाशी संबंध नाही.

मराठीत मी 'वर्म' वापरेन: 'परदेशी सुट्या भागांवरचं अवलंबित्व हे या कारखान्याचं वर्म आहे.' बोलताना 'लंगडी बाजू' चालेल, पण तिच्यात घाताची धार नाही. 'दुखरी नस' इथे बसत नाही. तिला हात लावला की माणूस दुखावतो, हरत नाही. आणि 'सॉफ्ट स्पॉट' तर भलतंच, तो जिव्हाळा. शब्दाऐवजी उपमाच हवी असेल तर दुर्योधनाची मांडी आहे: गांधारीच्या दृष्टीने सगळं शरीर वज्रासारखं झालं, झाकलेला भाग तेवढा राहिला, ही लोककथा मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही.