चौतिसाव्या वर्षी खुबा बदलायचा का?

प्रश्न : वय ३४, शाळेत शिक्षिका आहे. ल्युपससाठी (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणारा आजार) काही वर्षं स्टेरॉइड चालू आहेत. उजव्या जांघेत दुखू लागलं, एमआरआयमध्ये 'एव्हीएन (रक्तपुरवठा तुटून हाड मरणं), तिसरी स्टेज' निघालं, खुब्यातला मांडीच्या हाडाचा गोळा खचलाय. फळ्यापाशी उभं राहवत नाही. एक डॉक्टर म्हणतात पन्नाशीपर्यंत कळ काढा, दुसरे रिसरफेसिंग (गोळा न काढता त्यावर धातूची टोपी बसवणं) सुचवतात. अजून मूल हवं आहे. काय करू? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, पन्नाशीपर्यंत थांबा असं मला म्हणवत नाही. हाडाला भोक पाडून आतला दाब कमी करायची शस्त्रक्रिया गोळा खचण्याआधीच उपयोगी पडते. ती वेळ गेली आहे. वेदना सोसत उमेदीची सोळा वर्षं घालवण्यात काय मिळवायचं?

रिसरफेसिंग मात्र नको, हे ठामपणे सांगते. त्यात धातूवर धातू घासतो आणि कोबाल्ट, क्रोमियम रक्तात उतरतं. गरोदरपणात ते वारेतून बाळापर्यंत पोचतं. टेनिसपटू अँडी मरेनं २०१९ साली हीच शस्त्रक्रिया करून घेतली आणि त्याच वर्षी अँटवर्पची स्पर्धा जिंकली, म्हणून तिचं नाव झालं. पण बायकांचा सांधा लहान, त्यांच्यात ती जास्त फसते. रिसरफेसिंगच्या सर्वांत प्रसिद्ध 'बर्मिंगहॅम' सांध्याच्या उत्पादकांनीच २०१५मध्ये महिलांसाठी तो वापरू नका असं सांगितलं.

तुमच्यासाठी सिमेंटशिवाय बसवलेला पूर्ण कृत्रिम सांधा, सिरॅमिकचा गोळा आणि क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीनची (कमी झिजणाऱ्या प्लास्टिकची) वाटी, हा मला योग्य पर्याय वाटतो. वाटीही सिरॅमिकची घेता येते. ती झिजते अगदी कमी, पण क्वचित चालताना आवाज करते. किती टिकेल? २०१९च्या एका मोठ्या पाहणीत शंभरातले सुमारे ५८ सांधे २५ वर्षं टिकलेले दिसले, तेही जुन्या बनावटीचे. तरुण वयात झीज जास्त, तेव्हा पुढे कधीतरी दुसरी शस्त्रक्रिया लागेल हे मनाशी धरून चला. बदललेल्या खुब्यानं नैसर्गिक बाळंतपण होऊ शकतं. मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं याबद्दल सर्जनना आधीच स्पष्ट विचारा.

स्टेरॉइड मनानं बंद करू नका. डोस ल्युपसचे डॉक्टरच ठरवतील. आणि डावा खुबा एमआरआयमध्ये पाहिला होता का? स्टेरॉइडमुळे होणारा एव्हीएन पुष्कळदा दोन्हीकडे असतो. तिथे तो आत्ताच सापडला, तर तो गोळा वाचवायचा प्रयत्न करता येईल.