पांढरं पडलंय म्हणजे मेलंय असं नाही

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही रत्नागिरीला राहतो, हॉलमध्ये तीन फुटी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. मे महिन्यात वादळी पाऊस झाला तेव्हा लाईट गेली ती दीड दिवस आलीच नाही आणि आम्ही नेमके गावाला. परत आलो तर टाकीचं पाणी ३२ डिग्री. मासे वाचले, पण आठ दिवसांत टाकीतली प्रवाळं, म्हणजे टोडस्टूल लेदर आणि मशरूम, फिकी होत होत आता पांढरीफटक झालीत, झोआ नावाचं प्रवाळही मिटून बसलंय. दुकानदार म्हणतो लाईट वाढवा, रंग येईल. दीर म्हणतात फेकून दे, मालवणहून नवीन आणून देतो. काय करू?

उत्तर : ताई, आधी फेकू नका! पांढरं झालेलं प्रवाळ जिवंत असतं बरेचदा, फक्त उपाशी असतं. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उजेडावर साखर बनवतं आणि प्रवाळाचं बहुतेक पोट त्यावरच भरतं. पाणी तापलं की त्या शेवाळाचं काम बिघडतं, उजेड पचवता येत नाही आणि त्यातून विषारी ऑक्सिजन तयार होतो, मग प्रवाळ त्याला बाहेर टाकतं. रंग गेला तो त्या शेवाळाचा. म्हणून लाईट वाढवणं हा उलटा उपाय झाला, उष्णतेने जे बिघडलं त्यात उजेड अजून भर घालतो. मला तर वाटतं तुमच्याकडे लाईट परत आल्यावर एलईडी लगेच नेहमीसारखा फुल्ल लागला, तिथेच जास्त नुकसान झालं असणार.

तर आजच लाईट निम्म्यावर आणा, तासही कमी करा, सहा पुरेत, आणि ते संध्याकाळी ठेवा म्हणजे दुपारच्या गरमीत दिव्याची गरमी मिसळणार नाही. लेदर खाली सावलीत सरकवा आणि एकदा ठेवलं की परत हलवू नका.

पाणी २६ च्या आसपास पाहिजे पण एकदम नको, दिवसाला एखादी डिग्री उतरवा. पाण्यावर पंखा लावतात बरेच जण, कोरड्या गावात तो छान चालतो, पण आपल्याकडे मे-जूनमध्ये हवाच इतकी दमट की पाणी उडतच नाही नीट, जेमतेम डिग्री-दीड डिग्री मिळते. चिलर, म्हणजे पाणी थंड करायचं यंत्र, परवडत असेल तर घ्याच. आणि जेवढं पाणी उडेल तेवढं आरओचं साधं पाणी घाला, खारं नाही, नाहीतर क्षार चढत जातात, घनता १.०२५ वर धरा. समुद्राचं पाणी वापरत असाल तर पाऊस सुरू झाल्यावर खाडीच्या तोंडाचं आणू नका, गोडं आणि गढूळ येतं.

आता खाणं. शेवाळ नाही म्हणजे बाहेरून भरवायला लागणार. आठवड्यातून दोनदा रात्री दिवे गेल्यावर एकदम बारीक फ्रोझन खाद्य पिपेटने हळूच सोडा, पंप दहा मिनिटं बंद ठेवून. मशरूम कडा आत वळवून ते गिळतं, बघत बसावंसं वाटतं. लेदर मात्र पाण्यातूनच पोषण घेतं, त्यामुळे पाणी चकाचक करायच्या मागे लागू नका, नायट्रेट ५ ते १० पीपीएम असू दे, शून्य नको. औषधाच्या बाटल्या कुठल्याच नकोत.

मेलंय हे कसं ओळखायचं? बुळबुळीत होऊन सुटायला लागतं आणि सडक्या मासळीसारखा वास येतो, तो भाग लगेच काढा. लेदरवर मेणासारखा पातळ पापुद्रा आला तर घाबरू नका, ते कात टाकतं, पाण्याच्या झोताने जाऊ दे. एक मात्र हात जोडून सांगतो, झोआला हात लावताना हातमोजे आणि चष्मा घाला, त्यात पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असू शकतं, आणि झोआ असलेला दगड गरम पाण्यात कधी म्हणजे कधीच टाकू नका, वाफेनेही माणूस हॉस्पिटलात पोचतो.

रंग परतायला आठवडे, कधी महिने लागतात. आधी तपकिरी छटा येते, चहात दूध जास्त झाल्यासारखी, हिरवा-गुलाबी नंतर. ती दिसली की मगच दर आठवड्याला थोडा थोडा उजेड वाढवा.

दिरांना सांगा, मालवणहून काहीच आणायचं नाही. तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि दगडी प्रवाळ, समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत, किनाऱ्यावर कुठूनही काढले तरी गुन्हाच. आणि तिथलं प्रवाळही गरम पाण्याने पांढरं पडतंच आहे हो, त्याला तरी राहू दे.

बॅटरीवर चालणारा एअर पंप आजच आणून ठेवा, लाईट पुन्हा जाणारच आहे. तीन आठवड्यांनी फोटो पाठवा, फक्त निळा दिवा बंद करून, दिवसाउजेडी काढलेला, निळ्यात फिकेपणा कळत नाही.